गरिबांच्या ताटाचा अभ्यास करणारा माणूस

मटकी, चवळी, वाल, हुलगे यांना आपल्याकडे पाहुण्यांच्या पंगतीत फारसा मान नाही. जावई आले की श्रीखंड, पनीर नाहीतर मटण. कडधान्यं म्हणजे महिनाअखेरीची, भाजी महागली की आठवणारी सोय. त्यामुळे एका अमेरिकन शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या पत्नीने १९६७ साली निव्वळ घेवडा, राजमा, मसूर अशा दाण्यांच्या गुणांवर आणि पाककृतींवर एक अख्खं पुस्तक लिहिलं, हे वाचलं तेव्हा मला मोठी गंमत वाटली. हा माणूस कोण, म्हणून शोधायला लागले आणि एक भलतंच रंगीत आयुष्य हाती लागलं.

या शास्त्रज्ञाचं नाव अ‍ॅन्सेल कीज. आज डॉक्टर ज्या भूमध्य सागराकाठच्या आहाराबद्दल बोलतात, तो आहार हृदयाला चांगला, ही गोष्ट जगापुढे आणण्यात कीज पती-पत्नींचा सगळ्यात मोठा वाटा. इंग्रजीत त्याला मेडिटेरेनियन डाएट म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण मुळात ते इटली-ग्रीसमधल्या गरीब शेतकरी-कामकऱ्यांचं रोजचं जेवण होतं.

अ‍ॅन्सेल यांचा जन्म २६ जानेवारी १९०४ चा, अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातला. बालपण गेलं कॅलिफोर्नियात. पोरगा इतका हुशार की अतिबुद्धिमान मुलांच्या एका प्रसिद्ध अभ्यासासाठी त्याची निवड झाली होती. पण पाय घरात ठरेना. शाळा अर्धवट सोडून त्याने लाकूडतोड्यांच्या तळावर काम केलं, खाणीत सुरुंगाची दारू वाहिली, अ‍ॅरिझोनातल्या एका गुहेत वटवाघळांची विष्ठा खतासाठी फावड्याने उपसली. कॉलेजात रसायनशास्त्र घेतलं आणि मध्येच सोडून चीनकडे जाणाऱ्या जहाजावर यंत्रांना तेल घालायची नोकरी धरली. परत येऊन पदवी घेतली ती अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्राची! मग थोडे दिवस एका मोठ्या दुकानात उमेदवारी. आपल्याकडे अशा मुलाला वाया गेलेला म्हणून मोकळे झाले असते.

पण हा मुलगा पुन्हा अभ्यासाकडे वळला. प्राणिशास्त्र, मग सागरी जीवशास्त्रात डॉक्टरेट, मग डेन्मार्कला जाऊन माशांच्या शरीरावर संशोधन, केंब्रिजला शरीरशास्त्रातली दुसरी डॉक्टरेट. १९३५ मध्ये विरळ हवेत माणसाचं शरीर कसं तग धरतं हे पाहायला ते दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतावर गेले, आणि तिथे त्यांनी स्वतःचंही रक्त तपासलं. इथून त्यांना माणसाच्या शरीराचं वेड लागलं ते कायमचं.

मिनेसोटा राज्यातल्या मेयो या प्रसिद्ध वैद्यकीय संस्थेत काम करताना त्यांना मार्गारेट हेनी भेटल्या. मार्गारेट तिथे प्रयोगशाळेत रक्ताच्या तपासण्या करायच्या. १९३९ मध्ये दोघांचं लग्न झालं. तोवर अ‍ॅन्सेल मिनेसोटा विद्यापीठात गेले होते. त्यांची प्रयोगशाळा होती फुटबॉल स्टेडियमच्या प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली. वर हजारो लोक आरडाओरडा करताहेत आणि खाली हे लोक नळकांड्या घेऊन बसलेत!

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला खिशात मावेल असं जेवण हवं होतं. कीज यांनी गावातल्या किराणा दुकानातून कडक बिस्किटं, सुकं सॉसेज, चॉकलेट, गोळ्या अशा वस्तू निवडून ते तयार केलं. सैनिकांची ती पाकिटं के-रेशन म्हणून जगभर गाजली. त्यातलं के हे अक्षर कीज यांचंच, असा समज आहे.

पण त्याहून मोठं काम पुढचं. युद्धाने युरोपात लाखो माणसं उपाशी होती. भुकेल्या शरीराला परत कसं उभं करायचं, हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. ज्यांनी मनाला पटत नाही म्हणून हातात बंदूक घ्यायला नकार दिला होता, अशा ३६ तरुणांनी या प्रयोगासाठी स्वतःहून नाव दिलं. नोव्हेंबर १९४४ मध्ये प्रयोग सुरू झाला. २४ आठवडे त्यांना बटाटे, सलगमसारखे कंद, पाव, मॅकरोनी एवढंच, तेही अर्धपोटी, दिलं गेलं. त्यांचं वजन जवळजवळ पाव हिश्शाने उतरलं. नाडी मंदावली, उन्हाळ्यातही थंडी वाजायला लागली. ती मुलं चिडचिडी, उदास झाली. दिवसरात्र अन्नाचाच विचार. काही जण तर पाककृतींची पुस्तकं घेऊन बसायचे. पोटभर जेवण सुरू झाल्यावरही शरीर आणि मन पूर्वपदावर यायला बरेच महिने लागले. यावरचा दोन खंडांचा ग्रंथ १९५० मध्ये निघाला आणि आजही उपासमारीवर काम करणारे लोक तो उघडतात. वजन झटपट उतरवायला जेवण तोडणाऱ्या मुलींच्या आयांनी ही हकीकत जरूर लक्षात ठेवावी.

युद्ध संपलं आणि कीज यांच्यापुढे एक उलटंच कोडं आलं. युरोपात अन्नाची टंचाई होती, तिथे युद्धकाळात काही देशांत हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी झालेले दिसले. आणि अमेरिकेत भरल्या ताटावर बसणारे, चांगले कमावते पुरुष ऐन पन्नाशीत अचानक कोसळत होते. सगळ्यात सुखवस्तू माणसंच का मरतात? १९४७ मध्ये त्यांनी मिनेसोटातल्या पावणेतीनशेहून जास्त व्यावसायिकांची तब्येत वर्षानुवर्षं तपासत राहायचं काम हाती घेतलं. त्या काळात अशी निरोगी माणसांवर आधीपासून नजर ठेवायची पद्धत नवीनच होती.

१९५१ मध्ये रोमला आहारावरची एक परिषद होती. तिथे नेपल्सच्या एका प्राध्यापकांनी त्यांना सांगितलं की आमच्या शहरात हृदयविकार हा प्रश्नच नाही. कीज यांना ते खरं वाटेना. त्या वर्षी दोघं इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला राहत होते. थंडी कडाक्याची, घर गरम होईना, खाण्याचे पदार्थ रेशनवर. १९५२ च्या सुरुवातीला गाडीत प्रयोगशाळेचं सामान भरून दोघं निघाले ते थेट नेपल्सला. तिथल्या अग्निशामक दलाच्या जवानांचं रक्त घेतलं. कोलेस्टेरॉल मोजायचं काम मार्गारेटबाईंचं. आकडे अमेरिकन माणसांपेक्षा पुष्कळच कमी निघाले. मग तिथल्याच श्रीमंत, रोटरी क्लबातल्या मंडळींचं रक्त तपासलं, तर ते जास्त! शहर एक, हवा एक, रक्त वेगळं. मग फरक कशात?

ताटात. कामकरी घरातलं जेवण म्हणजे घेवड्याचे दाणे घालून केलेलं शेवयांसारख्या पास्त्याचं पातळ कालवण, भरपूर पाव, टोमॅटो, रानातल्या हिरव्या पालेभाज्या, ऑलिव्हचं तेल. मटण आठवड्यात एखाद-दुसऱ्या वेळी. जेवणानंतर गोड म्हणून फळ. आणि दिवसभर अंगमेहनत. श्रीमंतांच्या घरी मात्र रोज मांस, लोणी, चीज. गंमत बघा, ते जेवण खाणाऱ्या गरिबांना स्वतःला मात्र हातात चार पैसे आले की श्रीमंतांसारखंच खायचं होतं.

१९५५ मध्ये जिनिव्हातल्या एका बैठकीत कीज यांनी आपला विचार मांडला आणि त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. पुरावा तुटपुंजा आहे, असं बाकीच्यांचं म्हणणं. स्वभावाने ते तिखट आणि हट्टी. पुरावा हवा ना, मग गोळा करतो, असं ठरवून त्यांनी १९५८ मध्ये सात देशांचा अभ्यास सुरू केला. अमेरिका, फिनलंड, नेदरलँड्स, इटली, ग्रीस, तेव्हाचा युगोस्लाव्हिया आणि जपान. ४० ते ५९ वयाचे जवळजवळ तेरा हजार पुरुष. गावोगाव जाऊन रक्त, रक्तदाब, हृदयाचा आलेख, सिगारेटची सवय असं सगळं नोंदवलं. निवडक घरांत ताटातलं अन्न काट्यावर तोललं आणि त्याचे नमुने तपासले. मोजली गेली पुरुषांची हृदयं, पण ती ताटं वाढली होती तिथल्या बायकांनी, हे मला वाचताना सारखं जाणवत होतं.

निकाल बोलका होता. फिनलंडच्या पूर्व भागातली माणसं जंगलात घाम गाळणारी, दणकट. पण दूध-लोणी-चीज भरपूर, भाजीपाला कमी. तिथे हृदयविकाराने सगळ्यात जास्त मृत्यू. ग्रीसच्या क्रीट बेटावर सगळ्यात कमी. आणि क्रीटचे लोक काही कोरडं खात नव्हते. त्यांच्या अन्नातही स्निग्धांश भरपूरच होता, पण तो ऑलिव्हच्या तेलातून यायचा. म्हणजे तेल-तूप किती एवढाच प्रश्न नाही, ते कोणतं आणि कशाबरोबर, हाही प्रश्न आहे.

आता टीकाही सांगायला हवी. हे सातच देश का निवडले, असं लोकांनी विचारलं. ब्रिटनचे जॉन युडकिन म्हणत होते की खरी दोषी साखर आहे. कीज यांनी त्यांना धुडकावून लावलं. आज डॉक्टर साखरेबद्दलही तितक्याच गांभीर्याने बोलतात. क्रीटमधली अन्नाची काही मोजणी तिथल्या ख्रिस्ती उपवासाच्या दिवसांत झाली होती, हाही आक्षेप आहे. कीज यांचा सहभाग असलेल्या मिनेसोटातल्या एका जुन्या प्रयोगाचे पूर्ण आकडे तर २०१६ मध्ये बाहेर आले. लोण्यासारख्या स्निग्धांशाच्या जागी मक्याचं तेल दिल्याने कोलेस्टेरॉल उतरलं, पण मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणजे नुसता एक पदार्थ काढून दुसरा घातला की काम झालं, असं नसतं. पूर्ण ताट पाहावं लागतं.

आणि माझा स्वतःचा आक्षेप म्हणजे, सात देशांच्या अभ्यासात बाई कुठे आहे? त्या वयात बायकांना हा आजार कमी होतो, असा हिशेब होता. पण पाळी थांबल्यानंतर बाईचा धोका वाढत जातो आणि आज जगात बायकांच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण हृदयाचे आणि रक्तवाहिन्यांचे आजारच आहेत. शिवाय बाईला दर वेळी छातीतच कळ येते असं नाही. दम लागणं, विलक्षण थकवा, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणं असंही होतं. आपण पित्त झालं म्हणून सोडा नाहीतर आलं-लिंबू घेऊन पडून राहतो. असं अचानक झालं तर घरातलं काम टाकून आधी दवाखाना गाठायचा.

बायकांचं श्रेय दिसतं ते याच गोष्टीच्या पुढच्या भागात. पूर्व फिनलंडमध्ये १९७२ साली मृत्यू रोखण्यासाठी सरकारी मोहीम सुरू झाली. डॉक्टरांनी तिथल्या गृहिणींच्या मार्था नावाच्या संघटनेला हाताशी धरलं. या बायकांनी गावोगाव एकत्र जमून नेहमीच्याच कालवणात लोणी-चरबी कमी आणि भाजी जास्त घालून दाखवली. तंबाखू सोडवण्यावर, रक्तदाबाच्या तपासणीवरही जोर होता. पुढच्या चाळीस वर्षांत तिथल्या कामाच्या वयातल्या पुरुषांमधले हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. परक्या देशाचं जेवण आणलं नाही. आपलंच होतं, ते सुधारलं.

इकडे अ‍ॅन्सेल आणि मार्गारेट यांनी १९५९ मध्ये सर्वसामान्य घरांसाठी आहार आणि पाककृतींचं एक पुस्तक लिहिलं. ते धडाक्यात खपलं. १९६१ मध्ये टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर कीज यांचा चेहरा झळकला. पुस्तकाच्या पैशातून त्यांनी दक्षिण इटलीत, नेपल्सच्या खाली, पिओप्पी नावाच्या कोळ्यांच्या छोट्या गावात समुद्राकाठी घर बांधलं. १९६७ मध्ये कडधान्यांचं पुस्तक आलं, १९७५ मध्ये भूमध्य सागरी आहाराचं. उंचीच्या मानाने वजन मोजायच्या जुन्या सूत्राला बॉडी मास इंडेक्स हे आज सगळ्या दवाखान्यांत चालणारं नाव १९७२ मध्ये दिलं, तेही त्यांनीच.

निवृत्तीनंतर वर्षातला मोठा काळ दोघं पिओप्पीतच राहायचे. बागेत भाजी, झाडांना ऑलिव्ह, लिंबं, अंजिरं. ताजी मासळी. चालणं, पोहणं, बागकाम आणि रोज लिहिणं. शेवटी ते मिनेसोटात परतले. २० नोव्हेंबर २००४ रोजी अ‍ॅन्सेल गेले, तेव्हा वयाची शंभरी पार करून जवळजवळ दहा महिने झाले होते. मार्गारेटबाई २००६ मध्ये, सत्त्याण्णवाव्या वर्षी गेल्या. तुमच्या जेवणामुळेच इतकं जगलात का, असं कुणी विचारलं तर, तसं असण्याची शक्यता बरीच आहे, पण त्याला पुरावा नाही, अशा अर्थाचं उत्तर कीज द्यायचे. आयुष्यभर पुराव्यासाठी भांडलेल्या माणसाला शोभेल असंच!

म्हातारपणी खाणं बदलून काय उपयोग, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. कीज गेले त्याच वर्षी, २००४ मध्ये, युरोपातल्या ७० ते ९० वयाच्या स्त्री-पुरुषांचा एक मोठा अभ्यास छापून आला. त्यात सात देशांच्या अभ्यासातले हयात म्हातारेही होते. जे असं जेवायचे, रोज हालचाल करायचे, तंबाखूपासून लांब होते आणि दारू बेताचीच घ्यायचे, त्यांच्यात दहा वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण इतरांच्या निम्म्याहून कमी होतं. पुढे स्पेनमध्ये सात हजारांहून जास्त लोकांवर प्रयोग झाला. त्यात निम्म्याहून अधिक बायका होत्या, साठी ते ऐंशीच्या. असं जेवण आणि त्यासोबत ऑलिव्हचं तेल किंवा अक्रोड-बदामासारखा सुकामेवा घेणाऱ्यांमध्ये हार्ट अ‍ॅटॅक, पक्षाघात आणि त्यामुळे होणारे मृत्यू साधारण ३० टक्क्यांनी कमी आढळले. हे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. पद्धतीतल्या त्रुटींमुळे तो लेख मागे घ्यावा लागला, पण २०१८ मध्ये पुन्हा तपासून छापला तेव्हाही निष्कर्ष जवळपास तोच राहिला.

आता आपल्याकडे येऊ. आमच्या गल्लीतल्या एका काकूंना मुलाने पुण्याहून ऑलिव्ह ऑइलची बाटली पाठवली. काकूंचं वय बहात्तर, अँजिओप्लास्टी झालेली. त्यांनी ती बाटली औषधाच्या कपाटात ठेवली आहे आणि रोज सकाळी एक चमचा तेल औषधासारखं घेतात. बाकी चहाबरोबरची खारी, फरसाण, पापड-लोणचं जसंच्या तसं. आणि भाकरी? ती त्यांनी पाहुण्यांना बरी दिसत नाही म्हणून केव्हाच बंद केली! नेपल्सच्या गरिबांचं जे झालं तेच आपलं होतंय. त्यांच्या ताटातली बाटली आपण महाग घेतो आणि आपलं ताट टाकून देतो. २०१० मध्ये युनेस्कोने या आहाराला मानवजातीचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून गौरवलं, तेव्हा खुद्द ग्रीस-इटलीतली पोरं पिझ्झा-बर्गर खाऊन जाड होत होती.

कीज यांच्या सात देशांत आपला देश नव्हता. पण त्यांनी ताट पाहायची जी नजर दिली, ती आपल्या ताटालाही लावता येते. कोंड्यासकट धान्य, रोज डाळ किंवा कडधान्य, हिरवी पालेभाजी, फळ, मूठभर दाणे, बेताचं वनस्पतींचं तेल. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, मेथीची भाजी, कांदा, जवसाची चटणी यात बसत नाही का? शेंगदाण्याच्या तेलातला बराचसा स्निग्धांश ऑलिव्हच्या तेलातल्याच जातीचा आहे. डालडा आणि बेकरीच्या खुसखुशीत मालातला ट्रान्स फॅट मात्र हृदयाला वाईट. २०२२ पासून आपल्या देशात त्यावर २ टक्क्यांची मर्यादा आहे, तरी तेच तेल पुन्हा पुन्हा तळायला वापरू नये. आणि आपल्या ताटाची खोड आहे मीठ. पापड, लोणचं, खारवलेल्या मिरच्या यांवर रक्तदाब असलेल्यांनी हात आवरावा.

घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी दोन गोष्टी. दात नसतील तर कडधान्य मोड आणून मऊ शिजवा, नाहीतर कढण करा. पण ते बंद करू नका, म्हातारपणी शरीराला प्रथिनं लागतातच. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर डाळी आणि पालेभाज्या किती घ्यायच्या हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आणि जेवण कितीही चांगलं असलं तरी चालू गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत.

आणि हो, मैत्रिणींनो, ही उसळ-भाकरी आधी सगळ्यांना वाढून उरलीसुरली आपण, असं करू नका. तुमचं ताटही तेवढंच भरलेलं असू दे.